दुखरी कंबर आणि वजनाची बैठक

कंबर धरली की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, "आता वजनबिजन काही नको. बादलीसुद्धा उचलू नका. बैठका मारायचे दिवस गेले तुमचे." दुसरा तट तालमीतला किंवा हल्लीच्या जिममधला. तो म्हणतो, "अहो, कंबर दुखते ती कमजोर आहे म्हणून. खांद्यावर दांडा घ्या, महिनाभर नेटाने बैठका मारा, दुखणे पळते की नाही पाहा." दुखणेकरी बिचारा मध्ये उभा. पहिल्याचे ऐकावे, तर वर्षभरात मांड्या वाळतात आणि खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्याचे ऐकावे, तर आठ दिवसांत उसण भरून अंथरूण धरावे लागते. मला आज असे सांगावयाचे आहे की, या दोन्ही पक्षांत अर्धे अर्धे सत्य आहे. वजन घेऊन बैठक मारणे हे दुखऱ्या कमरेला वर्ज्य नाही. मात्र ती कशी, किती आणि केव्हा मारावयाची याचे काही नियम आहेत.

प्रथम माझा अधिकार किती, ते सांगून टाकतो. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. माझे वय चाळिशीच्या पुढचे आहे, आणि कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आली आहे असे निदान काही वर्षांपूर्वी झालेले आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मी पुन्हा बैठकांना लागलो आणि आज बेताचे वजन घेऊन त्या मारतो. या निमित्ताने जे वाचले आणि पडताळून पाहिले, तेच आपणांपुढे ठेवीत आहे. ही औषधाची चिठ्ठी नव्हे.

हे दुखणे एकट्यादुकट्याचेही नव्हे. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांच्या दुखण्यामागे कोणताही भयंकर रोग नसतो. पण थोड्यांच्या मागे असतो, म्हणून पहिला नियम बैठकीचा नाही, दवाखान्याचा आहे. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तिथे तासांचा हिशेब असतो. त्याचप्रमाणे कमरेच्या दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याझडल्याचा मार, किंवा हाडे ठिसूळ झाल्याची शंका असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. हे ज्यांना लागू नाही त्यांच्यासाठी पुढचे भाषण आहे.

आता कमरेची रचना पाहू. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे हलणारे एकंदर २४ मणके. एकावर एक रचलेल्या या मणक्यांच्या मध्ये गाद्या आहेत. प्रत्येक गादीचा बाहेरचा भाग चिवट धाग्यांच्या वेटोळ्यांचा आणि आतला भाग पाणीदार गराचा. वरून सरळ दाब आला तर गर सर्व बाजूंना सारखा पसरतो आणि वेटोळी तो धरून ठेवतात. पण माणूस कमरेतून ओणवा झाला की गादीची पुढची कड चेपते, गर मागे सरकू पाहतो आणि मागच्या धाग्यांवर ताण येतो. पायाकडे जाणाऱ्या नसा नेमक्या तिथूनच निघतात. गादी फुटून तिचा भाग नसेवर येतो आणि पाय दुखतो, ही गोष्ट मिक्स्टर आणि बार या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९३४ साली मांडली. तेव्हापासून 'गादी सरकली' हे शब्द जगभर कंबरदुखीला चिकटले.

आणि इथेच माझ्या विषयाचा थोडा उपयोग होतो. कंबर दुखते, फोटो काढला, फोटोत गादी सरकलेली दिसली, म्हणून सरकलेल्या गादीनेच कंबर दुखते, असे अनुमान आपण बांधतो. आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढेच. खरे कारण ठरवावयाचे तर ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही त्यांचेही फोटो पाहावयास हवेत. तसे ते पाहिले गेले आहेत. वेदना नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या शंभरांपैकी ३७ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, आणि ऐंशीच्या घरातल्या शंभरांपैकी ९६ जणांच्या. फुगलेल्या गाद्या विशीत शंभरात ३० आणि ऐंशीत ८४. या सर्वांना काही दुखत नव्हते! केस पिकावेत तशा गाद्याही पिकतात. तेव्हा अहवालातले लांबलचक इंग्रजी शब्द वाचून "माझा कणा मोडला" असे मनाशी धरू नये. फोटो महत्त्वाचा खरा, पण डॉक्टर हात लावून पाहतात, पाय उचलून पाहतात, काय केल्याने दुखते ते विचारतात, त्यांच्याशी तो जुळला तर.

तीच गोष्ट विश्रांतीची. पूर्वी कंबर धरली की पंधरा दिवस फळीवर निजवीत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस पडून राहावयास सांगितले. दोन दिवसवाले सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर मात्र लवकर परतले. पुढे १९९५ साली फिनलंडमध्ये तर असे दिसले की, अंथरूण न धरता, झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार करीत राहणारे अधिक लवकर बरे होतात. गादीला प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आसपासच्या भागातून झिरपणारे पोषण ती घेते, आणि हालचालीने कमीजास्त होणारा दाब त्या झिरपण्याला उपयोगी पडतो. म्हणजे हालचाल ही गादीची शत्रू नाही. शत्रू आहे तो वाकड्या स्थितीतला, एकदम आलेला, सवयीपलीकडचा भार.

हा भार किती असतो? त्यासाठी तराजू डोळ्यांपुढे आणा. कण्याच्या मागचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढतात. पुढे धरलेले ओझे मात्र पन्नास सेंटिमीटरवर असू शकते. म्हणजे वीस किलोंची पिशवी हात लांब करून धरली, तर तिला तोलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना दोनशे किलोंचा जोर लावावा लागतो. तीच पिशवी पंचवीस सेंटिमीटरवर आणा, शंभर किलोंत काम भागते. शरीराच्या वरच्या भागाचे वजन या हिशेबात अजून धरलेलेच नाही. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत सूक्ष्म यंत्र बसवून दाब मोजला. नुसते उभे राहताना जो दाब होता त्याच्या साडेचार पटींहून थोडा अधिक दाब, पाठ गोल करून वीस किलो उचलताना आला. गुडघे वाकवून उचलताना तो सुमारे साडेतीन पटींवर उतरला, आणि ओझे अंगाशी घेतले तेव्हा सव्वादोन पटींच्या आसपास. माणूस एकच होता, हे खरे. पण तराजूचा हिशेब आणि हा दाब एकाच दिशेला बोट दाखवतात. वजन किती, याच्याइतकेच ते अंगापासून किती दूर, आणि पाठ सरळ की गोल, हेही महत्त्वाचे.

आता बैठकीकडे वळू. आपल्या तालमीतली जुनी बैठक वेगळी. तीत टाचा उचललेल्या, हात झुलते, गती भरभर आणि मोजणी शेकड्यांत. अंगाच्या वजनावर ती उत्तम. पण हातात किंवा खांद्यावर भार आला की तीच बैठक जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे. "आम्ही लहानपणापासून उकिडवे बसतो, मग तळापर्यंत बैठक मारायला आम्हांला काय भीती?" उकिडवे बसताना कंबर गोल होते आणि भार नसल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. पण उकिडवे बसता येते यावरून वजन घेऊन तितकेच खाली जाता येईल, हे अनुमान चुकीचे आहे.

दुखऱ्या कमरेच्या माणसाने आधी वाकावयास शिकावे. वाकणे दोन ठिकाणांहून होते. एक कमरेतून, दुसरे खुब्यातून. साधी परीक्षा सांगतो. घरातली सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल करून, बैठकीचा भाग मागे नेत पुढे झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली, तर तुम्ही खुब्यातून वाकलात. माकडहाडापासून सुटली, तर कमरेतून. कमरेचा नैसर्गिक बाक जसा आहे तसाच राहू द्यावयाचा; तो गोल करावयाचा नाही आणि छाती फुगवून उलट बाजूला ताणावयाचाही नाही. हे आठ दिवस जमवा. दात घासताना, केर काढताना, जमिनीवरची चप्पल उचलतानासुद्धा जमवा. याशिवाय पुढची पायरी चढू नका.

दुसरी पायरी खुर्चीची. गुडघ्याच्या उंचीची पक्की खुर्ची भिंतीला लावून ठेवा. पावले खांद्याइतकी फाकवून, चवडे थोडे बाहेर वळवून तिच्यापुढे उभे राहा. श्वास घ्या, पोट हलके आवळा. कोणी थट्टेने पोटात बोट खुपसणार आहे असे वाटल्यावर आपण आवळतो, तितकेच. सावकाश मागे-खाली जा, खुर्चीला स्पर्श करा, अंग टाकू नका, आणि टाचा जमिनीत रोवून वर या. गुडघे ज्या दिशेला पावले, त्याच दिशेला राहू द्या; आत पडू देऊ नका. "गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये" असे पुष्कळ वस्ताद बजावतात. २००३ साली अमेरिकेत काही जणांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून बैठका मारवून पाहिल्या. गुडघ्यावरचा ताण सुमारे एकपंचमांशाने घटला; पण माणसे पुढे अधिक झुकली आणि खुब्यावरचा ताण दहा पटींहून अधिक झाला. म्हणजे गुडघा वाचवावयाचा म्हणून भार पाठीकडे ढकलला. कंबर दुखरी असेल तर गुडघा थोडा पुढे जाऊ द्यावा. धड त्यामुळे उभट राहते. घोटे ताठ असतील तर टाचेखाली बोटभर जाडीची फळी ठेवल्याने तेच साधते.

किती खाली जावे? याचे उत्तर माणसागणिक निराळे आहे, आणि ते आरशात दिसते. आरशाला अंगाची बाजू करून उभे राहा, किंवा घरातल्या कोणाला पाहावयास सांगा. खाली जाता जाता एका ठिकाणी माकडहाड आत वळू लागते आणि कमरेचा बाक नाहीसा होतो. ती तुमची हद्द. वजन घेतल्यावर त्या हद्दीच्या चार बोटे वरच थांबावयाचे. कोणाची ही हद्द मांडी जमिनीला समांतर होण्याच्या खाली असेल, कोणाची वर. मांडीचे हाड लांब असेल, खुब्याचा सांधा खोल असेल, तर हद्द वर येते, आणि त्यात कमीपणा नाही. जिममधल्या पोराने "अजून खाली, अजून खाली" म्हणून ओरडले तरी आपली हद्द सोडू नये.

तिसरी पायरी वजनाची. वजन प्रथम खांद्यावर नको, छातीशी हवे. पाच लिटरचा पाण्याने भरलेला डबा म्हणजे पाच किलो. तो दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून वरीलप्रमाणे बैठक मारा. वजन पुढे असल्यामुळे धड आपोआप ताठ राहते, आणि चूक झाली तर डबा खाली ठेवता येतो. जिममध्ये हेच डंबेलने करावे. आठ बैठकांचे तीन फेरे, फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटे विसावा, आणि आठवड्यातून दोनच दिवस. आठवी बैठक संपल्यावर आणखी दोन-तीन सहज मारता आल्या असत्या असे वाटले पाहिजे. दमून शेवटच्या बैठकीत पाठ गोल झाली, तर ती एक बैठक आधीच्या सगळ्या बैठकांचे पुण्य धुऊन नेते. लागोपाठ दोन दिवसांचा व्यायाम विनातक्रार झाला की एक-दोन किलो वाढवा. घाई कोणाला आहे?

एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून मारावयाची बैठक या मंडळींना फार उपयोगी. पुढच्या पायाला भरपूर काम मिळते आणि कमरेवर मात्र वजन थोडे येते. याउलट लेग प्रेसचे यंत्र. पाठ टेकलेली असते म्हणून ते निर्धोक वाटते, पण गुडघे छातीपर्यंत आणले की कमरेचा भाग पाटीवरून उचलला जाऊन गोल होतो, आणि तोही मोठ्या भाराखाली. वापरावयाचे तर पाय अर्ध्यावरच थांबवावेत.

खांद्यावरच्या लोखंडी दांड्याची पायरी शेवटची, आणि खरे सांगावयाचे तर ती न चढली तरी चालते. ज्यांना हौस आहे त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. दांडा छातीच्या उंचीवरच्या घोडीवरून घ्यावा. जमिनीवरून उचलून खांद्यावर घेऊ नये. दोन्ही बाजूंना, आपल्या हद्दीच्या किंचित खाली, लोखंडी आडवे आधार लावलेले असावेत, म्हणजे उठता आले नाही तर दांडा त्यांवर सोडता येतो. आणि दांडा मानेच्या पुढे, खांद्यांच्या पुढल्या भागावर घेता येत असेल तर तसा घ्यावा. धड अधिक उभे राहते आणि कमी वजनात मांड्यांना पुरेसे काम होते.

श्वासाचे एक पथ्य आहे. अवजड वजन घेताना श्वास कोंडला की पोटातला दाब वाढून कण्याला आतून टेकू मिळतो. पण रक्तदाबही चढतो. १९८५ साली कॅनडातील एका प्रयोगात पायांनी मोठे वजन ढकलताना तरुण पहिलवानांचा रक्तदाब सरासरी ३२० वर २५० पर्यंत गेलेला नोंदला गेला. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे त्यांनी श्वास कोंडण्याच्या वाटेला जाऊ नये. वजन हलके ठेवावे, खाली जाताना श्वास घ्यावा, वर येताना सोडावा. कंबरपट्ट्याविषयीही पुष्कळजण विचारतात. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने १९९४ साली असा निष्कर्ष काढला की, निरोगी कामगाराच्या कमरेला पट्ट्याने दुखापतीपासून संरक्षण मिळते असे म्हणावयास पुरावा नाही. पट्टा पोटाला आवळण्याकरिता आधार देतो, एवढेच. पट्टा बांधला म्हणून दहा किलो अधिक घेणे म्हणजे छत्री घेतली म्हणून पुरात उतरणे.

वेळही पाहावी लागते. रात्री आपण आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटरने वाढलेली असते ती यामुळेच. फुगलेली गादी ओणवे होणे कमी सहन करते. सकाळच्या पहिल्या काही तासांत कमरेतून वाकणे टाळावयास शिकवले, तर जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आपल्याकडे व्यायाम म्हणजे पहाटेचा, अशी रीत आहे. ती मोडा असे मी म्हणत नाही. उठल्यावर तासभर चालावे, घरातली कामे करावीत, आणि मग वजनाला हात लावावा. तसेच चार तास एस.टी.तून किंवा स्कूटरवरून आल्या आल्या बैठका मारू नयेत. आधी पाव तास पाय मोकळे करावेत.

आता सर्वांत मोठा प्रश्न. दुखले तर? थोडेसे दुखणे आणि धोक्याचे दुखणे यांतला फरक ओळखावयास हवा. मांड्या भरून येणे, पाठ जड वाटणे, हे दोन दिवसांत जाते. त्याला भिऊ नये. कंबर थोडी दुखली, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्वपदावर आली, तर तितकेच वजन चालू ठेवावे, वाढवू नये. चोवीस तासांनंतरही दुखणे वाढलेलेच असेल तर एक पायरी खाली उतरावे. आणि वेदना कमरेतून निघून पोटरीत, पावलात उतरू लागली, मुंग्या आल्या, पायाची शक्ती कमी वाटली, तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. याच्या उलट, पायात उतरलेली वेदना हळूहळू वर सरकून कमरेशी येऊ लागली, तर कंबर जरा अधिक दुखली तरी ते सहसा सुधारण्याचे चिन्ह समजतात.

सगळ्या कमरा एका जातीच्या नसतात, हेही ध्यानात असू द्या. गादीची तक्रार असलेल्याला बहुधा बसल्याने आणि ओणवे झाल्याने त्रास होतो. उतारवयात नसांची वाट अरुंद झालेल्याला उभे राहिल्याने, चालल्याने त्रास होतो आणि बसले, वाकले की बरे वाटते. मणकाच पुढे घसरलेल्याला बहुधा पाठ मागे ताणलेली सोसत नाही. म्हणून एकाने दुसऱ्याचा व्यायाम उचलू नये. "माझी कंबर या आसनाने बरी झाली, तुम्हीही करा," हा सल्ला प्रेमाचा असतो. पण तो शेजाऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्याला लावण्यासारखा आहे. आपले दुखणे कशाने वाढते आणि कशाने उतरते, हे एका वहीत आठ दिवस टिपून ठेवावे आणि ती वही फिजिओथेरपिस्टला दाखवावी.

एक गोष्ट मी व्यायामशाळेत वारंवार पाहतो. मंडळी दांड्याखाली अगदी शास्त्रशुद्ध बैठक मारतात. पाठ ताठ, पोट आवळलेले, सगळे यथास्थित. व्यायाम संपतो, आणि मग गप्पा मारता मारता कमरेतून गोल होऊन, अंग पिळवटून, वीस किलोंची लोखंडी तबकडी एका हाताने जमिनीवरून उचलतात. उसण भरते ती तिथे, आणि दोष जातो बैठकीला. खरे म्हणजे बैठक त्या तबकडीसाठीच शिकावयाची. घरातला भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तांदळाचे पोते, प्रवासातली ट्रंक, झोपी गेलेले चार वर्षांचे मूल, यांना कोणी घोडीवर मांडून ठेवीत नाही. दाणाबाजारात ओझी वाहणारी आपली माथाडी मंडळी पाहा. पोते पाठीशी चिकटवून घेतात, गुडघ्यांतून उठतात, आणि पिळा न देता पावले वळवून फिरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली, आणि आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. कौशल्य कितीही असले तरी कण्याला मर्यादा आहे, हे त्यातून कळते. तसेच मर्यादेच्या आत कौशल्य किती कामाला येते, हे त्या मंडळींच्या चालीतून कळते.

आपल्यापैकी काहींना अजून वाटत असेल, की एवढा खटाटोप कशाला? नुसते चालावे झाले. चालावे, अवश्य चालावे. परंतु चालण्याने मांड्यांची आणि हाडांची ताकद एका मर्यादेपुढे वाढत नाही. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांनी शिक्षकाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोन वेळा अर्धा अर्धा तास, आठ महिने वजने उचलली. त्यात वजनाची बैठकही होती, आणि वजने चांगली भारी होती. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. प्रयोगात मोडतोड झाली नाही, कारण वजन पायरीपायरीने वाढवले होते आणि पाहणारा डोळा शेजारी होता. ज्या बायकांना आपण "पिशवी मी घेते, तुम्ही राहू द्या" म्हणतो, त्या वयाच्या या बायका!

म्हणून माझे सांगणे एवढेच. कंबर दुखते म्हणून आयुष्यभर तिला काचेच्या भांड्यासारखी जपू नका, आणि ती दुखते म्हणून तिच्यावर रागही काढू नका. आज काठी घ्या आणि खुब्यातून वाकता येते का ते पाहा. पुढच्या आठवड्यात खुर्चीपुढे उभे राहा. महिन्याभराने पाच किलोंचा डबा छातीशी धरा. वहीत तारीख, वजन आणि दुसऱ्या दिवशीची कंबर या तीन गोष्टी लिहीत चला. सहा महिन्यांनी त्या वहीचे पहिले पान काढून पाहा, आणि मग, खुर्चीच्या हातांना हात न लावता, उठून उभे राहा.